मालक, मोठे आणि आपण

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला दर तीन महिन्यांनी एक तक्ता जाहीर करावा लागतो. कंपनीचा किती हिस्सा कोणाकडे आहे, हे त्यात असतं. वर प्रवर्तक, म्हणजे कंपनी काढणारं कुटुंब. त्याखाली संस्था: म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी गुंतवणूकदार. शेवटी उरलेली जनता. जळगावच्या एका दैनिकात बाजाराचं पान मी बरीच वर्षं लावते आहे, त्यामुळे असे तक्ते रोज नजरेखालून जातात. त्यांतल्या एकाच तक्त्याची धुळ्यात, देवपुरातल्या एका घरात वाट पाहिली जायची. ते घर माझ्या वडिलांचं.

आबा एका मोठ्या बेअरिंग कंपनीच्या धुळ्याजवळच्या कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर होते. कंपनीने पहिल्यांदा शेअर विकायला काढले तेव्हा थोडे कामगारांसाठी राखून ठेवले होते. बरोबरच्या बहुतेकांनी ते पहिल्याच आठवड्यात विकले, आणि त्या वर्षी कारखान्याच्या सायकल स्टँडवर मोटरसायकली दिसू लागल्या. आबांनी ठेवले. तक्त्यातल्या तीन भागांना त्यांनी स्वतःची नावं दिली: मालक, मोठे आणि आपण. तक्ता आला की त्यांचा फोन यायचा.

"मालक हालनात का?"

"नाही, तेवढेच आहेत."

"अन् मोठा?"

"थोडे वाढले."

"मंग बठ्ठं बरं शे."

बठ्ठं म्हणजे सगळं. घरात ते अहिराणी बोलत, कारखान्यात आणि सभेत शुद्ध मराठी. त्यांचं म्हणणं असं, की मालकाला आतलं कळतं, मोठ्यांना खर्च करून कळतं आणि आपल्याला काहीच कळत नाही. तेव्हा पहिल्या दोघांचे पाय बघून चालावं. बाजाराचे जाणकार याहून वेगळं काही सांगत नाहीत, फक्त जास्त वेळ सांगतात.

शेअर ठेवण्याचं आबांचं आणखी एक कारण होतं. ज्याच्याकडे शेअर आहे त्याला कंपनीच्या वार्षिक सभेत बोलता येतं. सभा मुंबईत भरायची तेव्हा ते कधी गेले नाहीत. ती संगणकावरून होऊ लागली तोवर ते निवृत्त झाले होते. त्यांनी वक्ता म्हणून नाव नोंदवलं, इस्त्रीचा बुशशर्ट घातला आणि लॅपटॉपसमोर बसून एकच प्रश्न विचारला. धुळ्याच्या ग्राइंडिंग विभागात दोन शेड आहेत. फिरत्या दगडावर कूलंट, म्हणजे तेलमिश्रित पाणी सोडतात. त्याचं बारीक धुकं होतं आणि ते शेडमध्येच राहतं. ते बाहेर ओढणारी यंत्रणा कधी बसवणार?

अध्यक्ष म्हणाले, नोंद घेतली आहे. पुढच्या वर्षी आबांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला. तिसऱ्या सभेच्या आधी पहिल्या शेडमध्ये एक्झॉस्ट बसला. त्या सभेत आबांनी आभार मानले आणि दुसऱ्या शेडचं विचारलं. पुढच्या वर्षात पाहू, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या शेडमध्ये आबांच्या हाताखाली शिकलेले सहा जण अजून काम करत होते. त्यांच्यापैकी कोणाकडेही शेअर नव्हते. असते तरी नोकरीत राहून अध्यक्षांना असं विचारणं त्यांना परवडलं नसतं. त्यामुळे चौथ्या सभेत हा प्रश्न पुन्हा विचारणं आबांवरच होतं.

माझा धाकटा भाऊ त्याच कारखान्याच्या हिशेब विभागात आहे आणि आईआबांजवळ राहतो. कंपनीची न फुटलेली माहिती ज्यांच्यापर्यंत पोचू शकते, अशा कर्मचाऱ्यांची एक यादी असते. तिच्यात त्याचं नाव आहे. तिमाही संपल्यापासून निकाल लागून दोन दिवस होईपर्यंत यादीतल्यांना कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. विकले तर पुढचे सहा महिने घेता येत नाहीत. हाच नियम घरच्यांनाही लागतो, पण दोनच अटींवर: ते त्याच्या पैशावर जगत असतील तर, किंवा शेअरच्या बाबतीत त्याचा सल्ला घेत असतील तर. आबा स्वतःच्या पैशावर जगत होते. म्हणून भावाने त्यांना एकदाच सांगून टाकलं होतं, "आबा, मला कधी विचारू नका. विचारलंत की तुम्हीही यादीत."

"हेर घरमा," आबा म्हणाले, "अन् पानी शेजारना घर मांगानं!"

म्हणजे विहीर घरात आणि पाणी शेजाऱ्याकडे मागायचं. पण त्यांनी ते पाळलं. जेवताना त्या घरात कारखान्यातल्या कँटीनपासून बदल्यांपर्यंत सगळं निघायचं, कंपनीच्या शेअरबद्दल मात्र एक शब्द नाही.

त्या जुलैत तक्ता आला तेव्हा पान छपाईला सोडायला थोडाच वेळ उरला होता. प्रवर्तकांचा हिस्सा आदल्या तिमाहीत निम्म्याहून जास्त होता, तो निम्म्याच्या बराच खाली गेला होता. भाऊ तिथे नोकरीला असल्यामुळे या कंपनीच्या बातम्या मी सहकाऱ्याकडे देत असे. तो सुट्टीवर होता. तक्त्यावरच्या आठ ओळी म्हणजे काही बातमी नव्हे, असं मी ठरवलं आणि मथळा दिला: 'प्रवर्तकांचा हिस्सा निम्म्याखाली'. दोन्ही आकडे दोनदा तपासले. दोन्ही बरोबर होते. कंपनीने पाठवलेलं निवेदन तीन पानांचं होतं. तिसरं पान मी उघडलं नाही.

सकाळी धुळ्यात काय झालं ते मला नंतर आईने सांगितलं. आबांच्या हातात पेपर होता. त्यांच्याबरोबर निवृत्त झालेले एक फिटर काका तोच पेपर घेऊन आले. ते रावेरकडचे, घरची केळी आहे. ते म्हणाले, "मालकच कच्चे घड कापायला लागला म्हणजे त्याला वादळाची खबर आहे. आपण काय बघत बसायचं?" भाऊ पलीकडे नाश्ता करत होता. आबा त्याच्याकडे वळले आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं त्यांनी विचारलं, "काय करू? ठेवू की विकू?"

भाऊ अर्धं ताट ठेवून उठला, हात धुतले आणि गाडी काढून कामावर गेला.

अकराच्या सुमारास मला फोन आला. "इकी टाकात," आबा म्हणाले.

"काय?"

"शेअर. बठ्ठा."

"अहो, पण कोणाला विचारून विकले?"

"पेपरमा उनं. अन् तुना भाऊ ताट सोडीसन ऊठना. आजून काय ईचारानं?"

मी म्हणाले, "आबा, पेपरमधली ती बातमी मी लिहिली आहे."

"मंग ते खरंच व्हई," ते म्हणाले.

फोन ठेवून मी तिसरं पान उघडलं. तिथे तक्त्याखालची टीप होती. प्रवर्तक कुटुंबातला धाकटा भाऊ वाटणी घेऊन वेगळा झाला होता. कारभारात त्याचा आता संबंध नव्हता, म्हणून बाजाराच्या परवानगीने त्याचं नाव प्रवर्तकांतून काढून जनतेत घातलं होतं. त्याने एकही शेअर विकला नव्हता. कोणीच विकला नव्हता. तेच शेअर, तीच माणसं. एक नाव वरच्या रकान्यातून खालच्या रकान्यात आलं होतं.

दुपारी संपादकांना सांगितलं.

"आकडा चुकलाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मथळा?"

"तोही नाही."

"मग खुलासा कशाचा करायचा?"

त्यांचं चुकत नव्हतं. वृत्तपत्राच्या हिशेबी चूक म्हणजे चुकीचं छापणं. बरोबर छापून चुकीचं सांगणं याला आमच्याकडे रकाना नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर तळाला चार ओळी मी घातल्या: 'प्रवर्तकांची विक्री नव्हे, कुटुंबातील वाटणी'. पहिली बातमी दोन कॉलमांत होती, ही एका कॉलमात.

रविवारी एसटीने धुळ्याला गेले. एरंडोल आणि पारोळा मागे पडेपर्यंत आबांना काय सांगायचं याची जुळवाजुळव केली. घरी पोचल्यावर त्यातलं काही लागलं नाही, कारण तिथे वेगळंच चाललं होतं. भाऊ जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसला होता आणि आबा त्याच्यासमोर उभे होते.

"ताई, तुझी बातमी वाचली," भाऊ म्हणाला.

"कुठली? पहिली की दुसरी?"

"दोन्ही. दुसरी शोधावी लागली."

आबा कारखान्याच्या मराठीत बोलत होते, म्हणजे रागात होते. "तिचं नंतर. आधी तू सांग. ताटावरून का उठलास?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"म्हणजे तुला काहीतरी माहीत होतं."

"काही माहीत नव्हतं, आबा. मी पगारपत्रकं करतो. मालकाच्या घरी वाटणी होतेय हे मला कोण सांगणार? माझ्याकडे त्या कॉम्प्युटरचा पासवर्ड आहे, म्हणून यादीत नाव. बस."

"मग तेवढंच सांगायचं होतंस. माहीत नाही म्हणायचं."

"आज माहीत नाही म्हणालो, तर ज्या दिवशी माहीत असेल त्या दिवशी काय म्हणू?"

आबांनी खुर्ची ओढली आणि बसले. बातमीदारीत आम्हाला शिकवतात, की अधिकारी गप्प बसला तर त्याच्या गप्प बसण्यालाही अर्थ असतो. आबाही तसाच अर्थ काढून बसले होते. भावाच्या गप्प बसण्यात एवढाच अर्थ होता, की तो नेहमी गप्प बसतो.

सभा ऑगस्टच्या शेवटी होती. मी म्हणाले, "आबा, एक शेअर घेऊन टाका. एका शेअरवरही बोलता येतं."

"सहा महिने घेता येत नाही," भाऊ म्हणाला आणि हातातला कागद माझ्याकडे सरकवला. कंपनीत या नियमांवर देखरेख करणारा अधिकारी असतो, त्याच्या नावे अर्ज होता. त्यात भावाने लिहिलं होतं: 'वडिलांनी मला विचारलं. मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर त्यांनी सगळे शेअर विकले. त्या वेळी माझ्यासाठी व्यवहार बंद होते.'

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बापाची तक्रार करतोस?"

"बापाची नाही गं, माझीच करतोय. उद्या कोणी दाखवून दिलं, तर नोकरी जाईल. आणि नाही दाखवून दिलं, तरी ते झालेलंच आहे."

"दे दे," आबा म्हणाले. "लिहिलंय ते खरं आहे. फक्त 'वडिलांनी विचारलं' याच्यापुढे 'एकदाच' घाल."

भावाने तो शब्द घातला.

आठवड्याभरात उत्तर आलं. सल्ला दिला गेलेला नसल्यामुळे नियमभंग झाल्याचं दिसत नाही. मात्र विचारणा झाली असल्यामुळे वडिलांनी सहा महिने या कंपनीचे शेअर खरेदी करू नयेत. भाषा सभ्य होती आणि माझ्या मते निर्णयही रास्त होता. विकल्यानंतर भाव वर गेला की खाली, हे आबांनी मला कधी विचारलं नाही. उत्तर वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "मंग दुसरी शेड?"

भाऊ म्हणाला, "माझ्याकडे कंपनीने दिलेले थोडे शेअर आहेत. मी विचारतो."

"खबरदार. मी विचारायचो तेव्हा फक्त अध्यक्ष ऐकायचे. तू विचारशील तर मॅनेजरही ऐकेल."

सभेच्या दिवशी भावाने अर्धी रजा टाकली, आपल्या नावाने सभा उघडली आणि लॅपटॉप आबांसमोर ठेवला. ऐकता येत होतं, बोलायचं नव्हतं. आबांनी तरीही बुशशर्ट घातला. वक्त्यांची यादी मोठी होती. एकाने अहवालाच्या छपाईचं कौतुक केलं. एकाने लाभांश वाढवा म्हणून सांगितलं. एका आजोबांनी अध्यक्षांना दीर्घायुष्य चिंतलं आणि कारखाना पाहायला नेलं तर जेवणाची सोय असेल का, हे विचारलं. धुळ्याचं नाव एकदाही निघालं नाही. सभा आभारप्रदर्शनाने संपली.

"ह्या बठ्ठासले पोट शे," आबा म्हणाले, "नाक नही."

संध्याकाळी मी जळगावात मेहरूणच्या तलावाकडे फिरायला निघाले होते, तेव्हा त्यांचा फोन आला. "एक सांग. मोठा काबर चूप व्हतात?"

मी त्यांना समजावलं. संस्था सभेत बोलत नाहीत. त्यांची मतं आधीच संगणकावरून पडलेली असतात. काही विचारायचं असेल तर त्यांची माणसं कंपनीच्या वरिष्ठांना वेगळी भेटतात किंवा पत्र लिहितात. लहान शेअरवाल्याला वर्षातून तीन मिनिटं मिळतात. संस्थांना हवा तेव्हा वेळ मिळतो.

"अन् कोन शेतस ह्या मोठा? नावं शेतस का त्यासले?"

असतात. एक टक्क्याहून जास्त हिस्सा असलेल्या संस्थांची नावं तक्त्यात द्यावी लागतात. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी मोबाइलवर तक्ता उघडला आणि एकेक नाव वाचू लागले. चौथ्या नावाला थांबले. त्या म्युच्युअल फंडात दर महिन्याला माझ्या पगारातून पैसे जातात. ऑफिसचा नियम असा, की आम्ही शेअर घ्यायचे नाहीत, फंड चालतो. फंड ते पैसे कुठे लावतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं. बाजाराचं पान लावणाऱ्या माणसाने हे सांगणं शोभत नाही, पण तसं होतं.

आबांना ते सांगितलं.

"म्हंजे तू मोठासमा?"

"अहो आबा, कोट्यवधींच्या ढिगात माझं एवढंसं आहे."

"एवढुसा मी बी व्हतू," ते म्हणाले. "त्यासले पत्र लिख."

संपादकांना कल्पना दिली. हे पत्र दैनिकाचं नाही, फंडात पैसे असलेल्या एका व्यक्तीचं आहे, आणि यापुढे या कंपनीची आठ ओळींचीही बातमी माझ्याकडे येणार नाही, असं ठरलं. पुढच्या रविवारी धुळ्याला जाऊन मसुदा वाचून दाखवला. सुरुवात अशी होती: 'कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न अत्यंत गंभीर बनला आहे.'

"गंभीर कोन म्हने?" आबांनी विचारलं. "तू देखं का?"

ते वाक्य गेलं. त्यापुढची तीनही गेली. मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. शेडमध्ये बावीस मशीन आहेत. छप्पर खाली आहे, पहिल्या शेडपेक्षा पाच फूट खाली. थंडीत दारं लावून घेतात तेव्हा धुकं दुप्पट वाटतं. पाळीत चार वेळा चष्मा पुसावा लागतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत डब्याच्या झाकणावर बोट फिरवलं तर चिकट लागतं. पहिल्या शेडमध्ये एक्झॉस्ट बसल्यापासून तिथे असं होत नाही. झाकणाचं वाक्य मी वगळू पाहत होते. मोठ्या संस्थेला पाठवायच्या पत्रात ते कसंसंच वाटत होतं.

"राहू दे," भाऊ म्हणाला. "बाकी सगळं कोणीही लिहील."

मी त्याच्याकडे पाहिलं. शेडबद्दल काय लिहायचं, हे तो पहिल्यांदाच सांगत होता. "बाहेर फळ्यावर लावलेली माहिती आहे ही," तो लगेच म्हणाला, "म्हणजे मशीनची संख्या. ती मी सांगितलेली नाही."

"तू कुठे काही सांगितलंस, साहेब?" आबा म्हणाले. "जेव."

इंग्रजीत करून पत्र पाठवलं. खाली नाव माझं, कारण पैसे माझे होते. दोन ओळींची पोच आली आणि मग महिनाभर काही नाही. आबांनी दोनदा विचारलं, नंतर विचारणं सोडलं.

ऑक्टोबरात मुंबईहून एका मुलीचा फोन आला. ज्या कंपन्यांत फंडाचे पैसे आहेत त्यांच्या कारभारावर लक्ष ठेवण्याचं काम तिच्याकडे होतं. आवाजावरून वय पंचविशीच्या आसपास. पुढच्या आठवड्यात त्यांची माणसं कंपनीच्या वरिष्ठांना भेटणार होती, त्याआधी तिला पत्रातली माहिती कुठून आली ते हवं होतं. मी म्हणाले, वडील त्या विभागात होते.

"ते कंपनीचे शेअरहोल्डर आहेत का?"

"सध्या नाहीत."

तिने ते लिहून घेतल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, त्यांच्याशी थेट बोलता येईल का. मी नंबर दिला आणि आबांना कळवलं, की मोठ्यांचा फोन येतोय.

ती पाऊण तास बोलली. मला आबांनी सांगितलं ते थोडंच. त्या मुलीने कधी कारखाना पाहिलेला नव्हता. यंत्रातून धुकं कसं निघेल, हे तिला समजत नव्हतं. दोनदा सांगूनही समजलं नाही. मग आबांनी तिला विचारलं, तू चष्मा लावतेस का? ती म्हणाली, हो. चहाच्या कपावर वाकलीस की काय होतं? त्यानंतर ती बराच वेळ लिहीत होती, आणि आबांनी तिला लिहू दिलं.